अकरा महिन्यांचे घर

नागपूरहून पुण्याला बदली झाल्याचे सांगितले की ऐकणारा आधी अभिनंदन करतो आणि त्याच दमात विचारतो, "मग घर कुठे बघताय?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला पुण्याचा नकाशा डोक्यात असावा लागतो. माझ्या डोक्यातले पुणे शनिवारवाडा, तुळशीबाग आणि फर्गसन रस्ता यांच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते आणि माझे नवे कार्यालय होते खराडीला, म्हणजे शहराच्या पूर्व टोकाला. कोथरूडला राहून रोज खराडी गाठणारी माणसे आहेत, पण त्यांच्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज नेहमी सिग्नलवरूनच येतो, हे लक्षात आल्यावर आम्ही पश्चिम पुण्याचा नाद सोडला. विदर्भातून रात्री निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या सकाळी नगर रस्त्यानेच पुण्यात शिरतात आणि वाघोली, खराडी बायपास असे थांबे घेत रिकाम्या होत जातात. त्या भागात आमच्याकडची इतकी माणसे का राहतात, याचे मला पटलेले कारण एवढेच आहे की गावाकडची गाडी जिथे उतरवते तिथेच माणूस पहिली खोली बघतो.

नागपूरला आमच्या धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात घर शोधण्याची रीत अगदी वेगळी आहे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीतून एक चक्कर मारायची, फाटकावर "किरायाने देणे आहे" अशी पाटी दिसली की आत शिरायचे, व्हरांड्यात बसून चहा घ्यायचा, आणि चहा संपेपर्यंत मालकीणबाईंचे माहेर आपल्या आतेसासूच्या गावाजवळ निघते. सातशे किलोमीटरवरून घर शोधताना यातले काहीच करता येत नाही. हातात उरतो तो मोबाइल, आणि मोबाइलमधले प्रत्येक घर सकाळच्या उन्हात उजळलेले, रिकामे आणि ऐसपैस असते. हजार चौरस फूट अशी जाहिरात वाचून फोन करावा आणि कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती म्हणून विचारावे, तर पलीकडचा माणूस जरा थांबून "सातशेच्या आसपास धरा" म्हणतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या कायद्यामुळे घर विकणाऱ्या बिल्डरला कारपेट क्षेत्रफळ सांगावे लागते. भाड्याच्या जाहिरातींत मात्र जिन्याचा आणि लिफ्टचाही वाटा अजून आपल्या दिवाणखान्यात धरलेला असतो.

शेवटी विमाननगरला नोकरी करणाऱ्या भाचीला सुटीच्या दिवशी पिटाळायचे आणि तिने व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचे, असे ठरले. तिला स्वतःला याच भागात जागा मिळवताना फार त्रास झाला होता, कारण एकटी मुलगी म्हटले की सोसायट्यांचे नियम एकाएकी कडक होतात. "फक्त फॅमिलीसाठी" या एका ओळीवर तिचे कितीतरी फोन संपले होते. आता तीच मुलगी मावशीच्या कुटुंबाच्या वतीने आली म्हटल्यावर सुरक्षारक्षक उठून लिफ्टचे दार धरू लागले. माणूस तोच, पगारही तोच, पण मागे नवरा, मूल आणि सासूबाई असल्या की त्याची पत वाढते. हा हिशेब मला आजही अन्यायाचा वाटतो, जरी त्याचा फायदा मीच घेतला.

भाचीला घर बघण्याचा अनुभव असल्याने ती एजंटाच्या मागे मागे फिरत नसे. तो हॉलमधला झुंबरदिवा दाखवत असताना ती थेट बाथरूममध्ये जाऊन फोन नळाच्या तोंडाशी धरायची. एका घरात त्या नळावर पांढरा, खरबरीत थर होता. तिने तो नखाने खरवडला आणि बोटावर आलेली पूड मला दाखवली. एवढे क्षार म्हणजे बोअरचे किंवा टँकरचे पाणी. भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ मध्ये पूर्व पुण्याला मिळू लागले आणि त्याच वर्षी वाघोली महापालिकेत आली, पण एखाद्या इमारतीच्या टाकीत त्यातले किती पडते आणि टँकरचे किती, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नसते. ते वॉचमनकाकांना माहीत असते. मालक "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" म्हणतो, एजंट "चोवीस तास" म्हणतो आणि काका शांतपणे सांगतात, "मार्चनंतर टँकरची लाइन लागते, ताई." त्यांच्या बोलण्यावरून ते परभणीकडचे निघाले आणि मग भाचीने त्यांच्याकडून लिफ्ट किती वेळा बंद पडते हेही काढून घेतले.

घरातल्या प्रत्येकाला पुण्यातल्या घराकडून वेगळे काही हवे होते. सासूबाईंना देवघरासाठी पूर्वेची भिंत आणि गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी होती. नवऱ्याला झाकलेले पार्किंग हवे होते आणि त्याहून अधिक, आमचा कूलर कुठे बसेल ते कळायला हवे होते. नागपूरचा खिडकीत लोखंडी स्टँडवर बसवायचा, वाळ्याच्या ताट्यांचा तो अवजड कूलर पुण्यात लागणार नाही, हे पंचेचाळीस अंशांत आयुष्य काढलेल्या माणसाला पटवून देणे अवघड असते. मुलाची तक्रार तर बिनतोड होती. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि बाकी महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यावरच सुरू होतात. बदली आईची आणि सुटी आपली कापली जाणार, हे त्याला कुणी समजावून सांगू शकले नाही.

इकडे आम्ही घर तपासत होतो तेव्हा तिकडे आमचीही तपासणी चाललेली होती. किती माणसे, कुठे नोकरी, नॉनव्हेज करता का, पाहुणे फार येतात का, आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सहज विचारल्यासारखे, "आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून काय चाचपायचे असते ते विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. एका मालकांना आडनाव चालले, पण सावजी रस्सा चालेना. ते घर आम्हीच सोडून दिले. एजंट मंडळींची अडचण वेगळी होती. नोकरी माझी, भाडे माझ्या खात्यातून जाणार, फोनही मीच केलेला, तरी भाड्यात हजार रुपयांची घासाघीस सुरू झाली की "मॅडम, सरांशी बोलून घ्या ना एकदा" असे ठरलेले वाक्य यायचे. पाठोपाठ "टोकन टाका, दुपारी दुसरी पार्टी येतेय" हेही यायचे. ही दुसरी पार्टी सगळ्या घरांना दुपारीच येते.

घर अखेर मिळाले ते वडगाव शेरीत, जुन्या तीनमजली इमारतीत. झुंबरदिवा नसलेले, पण नळाचे तोंड स्वच्छ असलेले. मग करार आला. अकरा महिने हा आकडा आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो पंचांगातूनच आला असावा असे वाटते. खरे तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी एक महिना कमी करण्याची युक्ती देशभर रुजली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असली तरी करार नोंदवणे सक्तीचे केले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे आपल्याकडे या युक्तीने वाचत काहीच नाही. तीन वर्षांचा करारही तसाच ऑनलाइन नोंदवता येतो, एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि अंगठे घेऊन जातो. तरीही मालक अकरावरच अडतात. जुन्या भाडे कायद्याच्या काळात, मुंबईतली कितीतरी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि राहणारा पिढ्यान्‌पिढ्या हलला नाही, त्याची धास्ती त्या आकड्यात अजून शिल्लक आहे. नव्या कायद्याप्रमाणे कराराची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते, एवढी तरतूद असूनही ती धास्ती जात नाही, आणि एखादी जागा हातची गेलेला नातेवाईक प्रत्येक मालकाच्या घराण्यात एक तरी असतोच.

भाडेकरूच्या बाजूने मात्र अकरा महिन्यांचा हिशेब कधी जुळत नाही. शाळेचा प्रवेश दहावीपर्यंतचा विचार करून घ्यायचा, सासूबाईंसाठी गुडघ्यांचे डॉक्टर जवळचे बघायचे, आणि या सगळ्याच्या मधोमध उभे असलेले घर पुढच्या वर्षी भाडे दहा टक्के वाढवून देतील की नाही ते मालकांच्या मर्जीवर. कुठल्याही कायद्याने घडवले नसते इतके सौजन्य त्यामुळे आमच्या अंगी आले.

आमच्या मालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात आणि त्यांना मी पहिल्या फोनपासून काकू म्हणते. दोन महिन्यांचे डिपॉझिट ठरले, भाडे पाच तारखेच्या आत, रंगाचा खर्च घर सोडताना, हे सगळे कागदावर चढले. कागदावर नसलेली अट त्यांनी चावी देताना तोंडी घातली, "भिंतीला खिळे मात्र ठोकायचे नाहीत हं." तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून मामंजींचा फोटो बाहेर काढला होता आणि त्या पूर्वेच्या भिंतीकडे बघत होत्या. काकूंनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा भिंतीकडे. मग म्हणाल्या, "आधीच्यांनी तीन ठोकून ठेवलेत, मी नको म्हणत असताना. तेवढ्यात बसवा."