आमची वाटचाल: माडीपासून व्हिनेगरपर्यंत

आमच्या हिशोबाच्या वह्या चाळल्यात तर रस आंबवणाऱ्या यीस्टच्या खरेदीचं एकही बिल सापडणार नाही. ते माडावरूनच येतं.

वेंगुर्ल्याजवळ घरामागच्या पडवीत आम्ही माडीचं व्हिनेगर करू लागलो. माडी काढणारे परवानाधारक भंडारी सकाळ-संध्याकाळ माडावर चढतात. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, छाटली की थेंब थेंब रस गळतो, त्यात १२ ते १५ टक्के साखर. मडक्याला आतून चुना लावला तर तो रस न आंबता गोड नीरा राहतो. चुना नसेल तर मडकं खाली येईपर्यंतच त्याने फेस धरलेला असतो, तीच माडी. छाटलेल्या पोयीवर बसणाऱ्या माश्या, मधमाश्या, चिलटं यीस्ट आणतात. उरलेलं काम मडक्याच्या छिद्रांत राहिलेली कालची माडी करते. म्हणून आमचे तात्या मडक्यांना साबण लावू देत नाहीत.

हे यीस्ट एका जातीचं नसतं. हॅन्सेनिआस्पोरासारख्या जाती आधी उसळतात, पण अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेलं की माना टाकतात. मग सॅकरोमायसीस सेरेव्हिसी मैदान मारतं. पाव फुगवणारं यीस्ट तेच. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की ते गांधीलमाशीच्या पोटात हिवाळा काढतं आणि तिच्या अळ्यांपर्यंत पोचतं. आमच्याकडे हिवाळा कसला म्हणा! पण छपरातलं पोळं जाळायला कोणी निघालं की मी आडवा येतो.

पुढचं काम, अल्कोहोलचं आम्ल करण्याचं, जिवाणूंचं. त्यांना हवा लागते, म्हणून पिंपांवर झाकण नाही, नुसतं फडकं. आणि लागतो वेळ, काही महिने. अधूनमधून वर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा धरतो. तीही रानटी यीस्टच, पण अल्कोहोल खाऊन टाकणारी. नेलपॉलिशसारखा वास आला तर ते पिंप बाजूला. नाकाइतकं चांगलं यंत्र अजून आम्हाला मिळालेलं नाही.

आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अॅसिटिक आम्ल लागतं. प्रत्येक पिंप तपासूनच बाटलीत भरतो. अॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं सिंथेटिक व्हिनेगर स्वस्त पडतं, त्या भावाशी आम्ही झुंजत नाही. गोव्यातले चोरीस (मसालेदार सॉसेज) करणारे आणि वसईत इंद्याल (विंदालूसारखा आंबट-तिखट रस्सा) रांधणाऱ्या बायका फरक जिभेनेच ओळखतात. आमची निम्मी विक्री त्यांच्याच जिवावर.

पावसाळ्यात माड निसरडे होतात, रसातही पाणी शिरतं, त्यामुळे माल कमी असतो. गणपतीनंतर लागणारी ऑर्डर मे महिन्यातच सांगून ठेवावी.