फॉइलमधला बीकर

मे महिन्यात भर दुपारी पुण्यातल्या गच्चीवर पाय ठेवता येत नाही, आणि उन्हाच्या मदतीने पाण्यातली घाण तोडायच्या आमच्या कामाला नेमकी तीच वेळ लागते. त्यासाठी वापरतो ती पांढरी पावडर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. तिच्यातला इलेक्ट्रॉन जागचा हलवायला 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे साधारण 387 नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश. ऊन कितीही कडक असलं तरी त्यात अतिनील भाग जेमतेम 4-5 टक्के. इलेक्ट्रॉन उठला की मागे राहिलेली पोकळी पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय आक्रमक कण बनवते आणि तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे तुकडे करतो. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून जगभर या पांढऱ्या पावडरीवर काम चालू आहे.

आम्ही ती सक्रिय कोळशावर बसवली होती. कोळसा घाण ओढून घेईल, उजेड ती तोडेल, असा बेत.

त्या दिवशी मांजरीहून एक काका आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आले. मुळा-मुठेच्या काठाला त्यांचं शेत, नदीचं पाणी विहिरीत झिरपतं. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनीच बोलावलं होतं. मी चार बीकर लावले: दोन डिस्टिल्ड पाण्याचे, दोन विहिरीचे, सगळ्यांत आमची पावडर आणि घाणीच्या जागी सारखंच मिथिलीन ब्लू, म्हणजे एक निळा रंग. प्रत्येक जोडीतला एक उन्हात, दुसरा फॉइलमध्ये गुंडाळलेला. फॉइलवाले पूर्ण 90 मिनिटं ठेवायचे, हा माझा हट्ट. आमच्याकडे पद्धत अशी की अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि मग उजेडात आणायचं. कोळशाला रंग पुरता शोषायला अर्धा तास पुरत नाही, हे मी सरांना दोनदा सांगितलं होतं.

90 मिनिटांनी विहिरीचा उन्हातला बीकर काचेसारखा नितळ. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. काका म्हणाले, "ताई, मग हे विहिरीवर कधी बसवायचं?"

मी फॉइल सोडली. आतलं पाणीही तेवढंच नितळ होतं.

ऊन न लागताही रंग गेला होता, म्हणजे तो तुटला की नुसता चिकटला? चारही बीकरमधली पावडर सेंट्रीफ्यूजमधून काढली आणि चिकटलेला रंग असेल तर सुटून यावा म्हणून इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, हलवली. डिस्टिल्ड पाण्याच्या उन्हातल्या बीकरचं इथेनॉल जवळजवळ रंगहीन राहिलं. तिथे रंग खरंच तुटला होता. विहिरीच्या पाण्याची पावडर मात्र हलवताच नळीत निळा धूर उतरावा तसा रंग सुटत गेला. हा रंग जो तांबडा उजेड शोषतो, त्या 664 नॅनोमीटरला मोजलं, तर उन्हातली नळी आणि फॉइलमधली नळी यांत फारसा फरक नव्हता.

कारण मला तिथल्या तिथे लक्षात आलं. आपल्याकडच्या बेसाल्टातल्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट, खाण्याच्या सोड्यात असतं तेच, भरपूर असतं आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळून टाकतं. रंगाच्या रेणूपर्यंत फार थोडे पोचतात. या विषयातलं कितीतरी काम डिस्टिल्ड पाण्यात होतं, आमचंही तसंच झालं होतं. ज्या पाण्यासाठी हे सगळं करायचं, ते आम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा बीकरमध्ये ओतत होतो. मला याचा फार राग आला, आणि तो आमच्या सगळ्यांवर होता.

सर म्हणाले, "फोटो तर चांगले आलेत." मी काकांना नळी दाखवली. त्यांनी ती उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली. "म्हणजे घाण गेली नाही, नुसती लपली."

मी हो म्हटलं.

आठवड्याने त्याच पाण्यात थोडं आम्ल घातलं. बारीक बुडबुडे आले, बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेलं, आणि या वेळी इथेनॉल बरंच फिकट राहिलं. पण ज्या विहिरीचं पाणी पिकाला जातं, तिच्यात आम्ल ओतायला मी काकांना सांगणार नाही. कॅनमध्ये अजून निम्मं पाणी आहे. सोमवारी बीकर लावताना डिस्टिल्ड पाणी बाजूला ठेवलं आणि कॅन पुढे ओढला.