मॅक्सिस कोणी बुडवली?

सिमसिटी या शहर वसवण्याच्या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "तो बनवणाऱ्या मॅक्सिस कंपनीला ईएनं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीनं, खाल्लं ना?" माझं उत्तर ऐकून विचारणारा बहुधा हिरमुसतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: खाल्लं खरं, पण त्याआधी मॅक्सिस स्वतःच ताटात येऊन बसली होती.

सिमसिटीचा कर्ता विल राइट, त्याचा १९८४ सालचा पहिला गेम हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा. ती बेटं आखता आखता त्याला कळलं, की उडवण्यापेक्षा वसवण्यात जास्त मजा आहे. मग एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी शहरांच्या वाढ-घटीचं जे गणित मांडलं होतं, ते त्यानं अभ्यासलं आणि सिमसिटी रचली. घरं, दुकानं, कारखाने यांचे पट्टे आखायचे, वीज जोडायची, कर ठरवायचा; माणसं आपसूक येतात, नाहीतर वैतागून निघून जातात. यात जिंकणं नाही, हरणं नाही. प्रकाशकाला हे पचेना. शेवटी एका पिझ्झा पार्टीत जेफ ब्रॉन भेटला, १९८७ मध्ये दोघांनी कॅलिफोर्नियात मॅक्सिस काढली आणि १९८९ मध्ये सिमसिटी बाजारात आली.

त्यानंतरची काही वर्षं मला सगळ्यात आवडतात. अख्खी पृथ्वी चालवणारा सिमअर्थ, मुंग्यांचं वारूळ सांभाळणारा सिमअँट. शेव्हरॉन या तेलकंपनीसाठी तेलशुद्धीकरण कारखान्याचं सिम्युलेशनसुद्धा केलं! १९९३ च्या सिमसिटी २००० नं तर पैशांचा पाऊस पाडला.

१९९५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि माझ्या मते घसरण तिथूनच सुरू झाली. असा गेम मुरायला वर्षं लागतात. गुंतवणूकदारांना दर तिमाहीला आकडे हवे असतात. सिमकॉप्टर, सिमपार्क, स्ट्रीट्स ऑफ सिमसिटी असे गेम एकामागून एक निघाले, बरेचसे घाईतले. राइटच्या डोक्यात तेव्हा वेगळंच काहीतरी होतं. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात त्याचं घर जळालं, संसार पुन्हा मांडावा लागला, आणि त्यातूनच घर-माणसांच्या गेमची कल्पना आकाराला आली. मॅक्सिसच्या वरिष्ठांना ती निव्वळ भातुकली वाटली.

१९९७ मध्ये ईएनं साडेबारा कोटी डॉलरचे शेअर देऊन मॅक्सिस घेतली. रखडलेली सिमसिटी ३००० मार्गी लावली आणि त्या भातुकलीला माणसं, पैसा, वेळ दिला. २००० मध्ये तो गेम 'द सिम्स' या नावानं आला आणि दोनच वर्षांत पीसीवरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा गेम ठरला. हे श्रेय ईएच्या टीकाकारांना द्यायचं नसतं.

२०१३ च्या सिमसिटीला मात्र माझ्याकडे माफी नाही. एकट्यानं खेळायलाही इंटरनेट सक्तीचं, सर्व्हर कोलमडलेले, शहराला जागा चिमूटभर. गणितं सर्व्हरवर होतात म्हणून इंटरनेट हवं, असं कंपनी सांगत होती. हौशी प्रोग्रॅमरांनी गेम इंटरनेटशिवाय चालवून दाखवला. राइट तर २००९ मध्येच बाहेर पडला होता. मार्च २०१५ मध्ये मॅक्सिसचा कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचा स्टुडिओ बंद झाला आणि त्याच आठवड्याभरात फिनलंडच्या एका छोट्या कंपनीचा सिटीज: स्कायलाइन्स हा शहर वसवण्याचाच गेम आला. सिमसिटीचे चाहते तिकडे वळले. सिम्सवर मॅक्सिसचं नाव अजून छापलं जातं. पीसीसाठी नवी सिमसिटी मात्र त्यानंतर आलेली नाही.