"राग आवरत नाही" हीसुद्धा एक श्रद्धाच आहे

"राग आला की माझा माझ्यावर ताबाच राहत नाही" हे वाक्य आपण इतक्या जणांकडून ऐकलेलं असतं की ते खरं आहे का, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. मला पडतो, सारखा पडतो. कारण हाच माणूस बॉसने चारचौघात पाणउतारा केला तर गप्प बसतो, पोलिसासमोर आवाज चढवत नाही, अंगाने दणकट माणसाने धक्का दिला तर जाऊ दे म्हणतो, आणि घरी बायको उलट बोलली किंवा पोराच्या हातून काही सांडलं की मात्र त्याचा ताबा सुटतो. खरंच आवरत नसता तर कुठेही सुटला असता ना? जिथे सुटलेला चालतो असं मनात आधीच बसलेलं असतं, नेमका तिथेच तो सुटतो.

म्हणजे विकाराच्या, रागासारख्या उसळणाऱ्या भावनेच्या, पोटात एक समजूत असते. हे काही मी शोधलेलं नाही, प्राचीन ग्रीस आणि रोममधले स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ दोन हजार वर्षांपूर्वी हेच सांगत होते. त्यांच्यातल्या ग्रीक क्रिसिपसचं म्हणणं होतं की विकार म्हणजे मुळात चुकीचा निर्णयच. रोमन सेनेकाने रागाचे तीन टप्पे सांगितलेत आणि मला ते फार पटतात. पहिला झटका आपल्या हातात नसतो, अंगावर गार पाणी पडलं की शहारा येतो तसाच. दुसऱ्या टप्प्यावर मन म्हणतं, माझ्यावर अन्याय झालाय आणि त्याचा बदला घेणं योग्यच आहे. आणि तिसऱ्या टप्प्यावर मात्र खरोखरच कंट्रोल जातो. लोक कायम या तिसऱ्या टप्प्याबद्दल बोलतात, "तेव्हा मला काही सुचतच नव्हतं", आणि ते खोटंही नसतं, पण मधल्या टप्प्यावर आपण संमती दिली होती त्याचं काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही ही साखळी आहे, विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. बुद्धी सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात आणि त्या उतरताना माणूस जागा असतो.

आता खोटी शिकवण माणसाला कशी बिघडवते त्याचं एक उदाहरण. "राग मनात साठवू नकोस, बाहेर काढ, उशीला मार, ओरड, मोकळं वाटेल" हा सल्ला सगळे देतात. अमेरिकेतल्या ब्रॅड बुशमन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात काही लोकांना आधी असा मजकूर वाचायला दिला की राग बाहेर काढल्याने शांत वाटतं. ज्यांनी तो वाचला त्यांना चिडवल्यावर पंचिंग बॅगवर ठोसे मारायची इच्छा जास्त झाली, आणि ठोसे मारून झाल्यावर ते शांत होण्याऐवजी जास्तच आक्रमक वागले. २००२ च्या बुशमनच्याच प्रयोगात ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांपेक्षा काहीच न करता नुसते बसून राहिलेले लोक कमी आक्रमक निघाले. म्हणजे आधी शिकवण आली आणि तिच्या मागून विकार वाढला.

इच्छाशक्तीचंही थोडंफार तसंच. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टरने मांडलं की संयम वापरला की तो संपत जातो, आणि ही कल्पना इतकी पसरली की दिवसभर संयम ठेवला म्हणून संध्याकाळी घसरलो असं लोक बिनधास्त सांगायला लागले. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासलं तर परिणाम जवळपास शून्य निघाला. त्याआधी २०१० मध्ये वेरोनिका जॉब, कॅरोल ड्वेक आणि वॉल्टन या संशोधकांना असं दिसलं होतं की संयम संपतो असं मानणाऱ्यांचाच तो संपतो. यावरचे वाद अजून चालू आहेत, पण संयम संपतो हा काही निसर्गनियम नाही एवढं तरी धरायला हरकत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "प्रेमात वेडा झाला होता" याची. मुलीने नकार दिला, याने तिच्यावर हल्ला केला, आणि लोक हळहळतात, भावनेच्या भरात झालं म्हणतात. अरे, त्याने हत्यार आणलं, तिची यायची वेळ माहीत करून घेतली, वाट बघत थांबला, यात भर कुठला? त्याच्या डोक्यात एक पक्कं तत्त्वज्ञान होतं, ती माझी आहे, तिचा नकार हा माझा अपमान आहे आणि अपमानाची परतफेड करणं हे पुरुषाचं कामच आहे. ही तीनही वाक्यं खोटी आहेत आणि ती त्याला कोणीतरी शिकवलेली असतात, घरात, मित्रांत, पडद्यावर. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने खुनाच्या खटल्यात "ताबा सुटला" हा बचाव ठेवला, पण जोडीदाराची बेइमानी हे कारण त्यातून वगळलं, आणि मला ते बरोबर वाटतं.

तरी स्टोइकांशी माझं सगळं जमत नाही. ते दुःखालाही चुकीचा निर्णय म्हणतात. मूल गेलेल्या आईचा कुठला निर्णय चुकलाय? तिने जे गमावलं ते खरोखरच अमूल्य होतं, उलट ती रडली नसती तर काहीतरी चुकलं असतं. आणि व्यसनात अडकलेल्या माणसाला "तुझी समजूत बदल" एवढंच सांगून सोडून देणं हा शुद्ध निर्दयपणा आहे, तिथे शरीरच बदललेलं असतं, औषध लागतं, माणसं लागतात, वेळ लागतो. पण त्याच माणसाला "तुझ्याच्याने कधीच सुटणार नाही" असं रोज ऐकवणारेही असतात, आणि त्याने ते एकदा खरं मानलं की तो उपचाराला जायचंसुद्धा बंद करतो.