‘मिळाली तर’चं इंग्रजी

वाक्य असं होतं: ‘इफ वी गॉट द अप्रूव्हल टुडे, वी वुड स्टार्ट टुमॉरो.’

रोज परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलावं लागणाऱ्या सहा जणांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग मी घेते. त्या दिवशी त्यांच्यातली एक जण आपल्या कॉलचं ध्वनिमुद्रण घेऊन आली. म्हणाली, ‘मॅडम, मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं की आज मंजुरी मिळाली तर उद्या काम सुरू करू. दोन दिवस समोरून काही हालचाल नाही. आज विचारलं तर म्हणतात, आम्हाला वाटलं तुमचीच तयारी नाहीये.’

ध्वनिमुद्रण तीनदा ऐकलं. तिच्या वाक्यानंतर ग्राहक क्षणभर गप्प आहे, मग ‘ओके, लेट्स सी हाऊ इट गोज’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो. बाकीच्यांना मी चूक शोधायला सांगितली, पण कुणालाच सापडली नाही. सापडणार तरी कशी? ‘इफ’नंतर भूतकाळ, दुसऱ्या भागात ‘वुड’ आणि मूळ क्रियापद. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळतील आणि संगणकावरचा व्याकरण तपासनीसही त्याखाली लाल रेघ मारणार नाही. अशी चूक म्हणूनच घातक. तुटक्या इंग्रजीत ‘यू गिव्ह अप्रूव्हल टुडे, वी स्टार्ट टुमॉरो’ म्हटलं असतं तरी ग्राहकाला बरोबर कळलं असतं. इथे वाक्य शुद्ध असल्यामुळे त्याने त्याचा शुद्ध अर्थ घेतला: मंजुरी आज मिळेल असं काही मला वाटत नाही, मिळाली असती तर सुरू केलं असतं, एवढंच.

मी तिला म्हटलं, तेव्हा मनात मराठीत काय होतं ते जसंच्या तसं सांगा. ‘आज मंजुरी मिळाली तर उद्या काम सुरू करू.’

सगळी गोम ‘मिळाली’मध्ये आहे. मराठीत पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीची अट आपण बिनदिक्कत भूतकाळी रूपात घालतो. पाऊस पडला तर, फोन आला तर, गाडी चुकली तर. ‘तर’ला जोडलेल्या या रूपात होऊन गेलेलं काही नसतं आणि शंकाही नसते. पाऊस पडेल किंवा पडणार नाही, दोन्ही तितकंच शक्य. इंग्रजीत मात्र पुढच्या अटीसाठी क्रियापद भूतकाळात नेलं की ते वास्तवापासून एक पाऊल दूर जातं. ‘इफ वी गॉट’मधला भूतकाळ वेळेचा नाही, अंतराचा आहे. ‘मिळाली’ला ‘गॉट’ हा शब्द शब्दकोशात बरोबर, पण ‘मिळाली तर’ला ‘इफ वी गेट’ हवं.

फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली. ‘इफ वी गेट द अप्रूव्हल, वी विल स्टार्ट’: दार उघडं आहे. ‘इफ वी गॉट द अप्रूव्हल, वी वुड स्टार्ट’: दार लोटलेलं आहे, ते उघडेल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही. ‘इफ वी हॅड गॉट द अप्रूव्हल, वी वुड हॅव स्टार्टेड’: दार बंद झालं, वेळ गेली. पुस्तकांत यांना पहिला, दुसरा, तिसरा प्रकार म्हणतात. हे क्रमांक मी शिकवायचं सोडून दिलं आहे, कारण बोलताना क्रमांक आठवण्यातच वेळ जातो. शिवाय दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वरच्या इयत्तेचा, म्हणून अधिक चांगला, असाही समज होतो. क्रमांकाऐवजी बोलण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: हे होईल असं मला वाटतं का, वाटत नाही, की आता होऊच शकत नाही?

यावर तिने जो प्रश्न विचारला, त्यावर आमचा निम्मा तास गेला आणि तो जायलाच हवा होता. ‘पण मॅडम, वुड आणि कुड वापरलं की बोलणं नम्र होतं, असं शिकवतात ना? मी मुद्दाम वुड वापरलं.’

शिकवतात आणि ते खरंही आहे. ‘इट वुड बी ग्रेट इफ वी गॉट द अप्रूव्हल टुडे’ ही उत्तम, नम्र विनंती आहे. त्यातही तेच ‘गॉट’, तेच ‘वुड’. मग तिचं वाक्य का फसलं? विनंती करताना आपण समोरच्याला नकार द्यायला जागा ठेवतो. मिळालीच पाहिजे असं नाही, पण मिळाली तर बरं होईल. ते अंतर समोरच्याच्या सोयीचं असतं, म्हणून नम्र वाटतं. तिच्या वाक्याचा दुसरा भाग मात्र विनंती नव्हता. ते तिच्या बाजूचं वचन होतं: आम्ही उद्या सुरू करू. वचनाच्या जागी ‘वुड’ आलं की आपणच एक पाऊल मागे घेतो. त्यामुळे समोरच्याने काय करावं हे सांगताना ‘वुड’ आणि ‘कुड’ भरपूर वापरा. आपण काय करणार हे सांगताना ‘विल’. मी हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही.

त्याच ध्वनिमुद्रणात, पाचेक मिनिटं पुढे, दुसरं वाक्य सापडलं: ‘इफ यू वुड हॅव टोल्ड अस अर्लिअर, वी वुड हॅव चेंज्ड इट.’ याचीही मुळं मराठीतच आहेत. ‘आधी सांगितलं असतं तर आम्ही बदललं असतं.’ ‘असतं’ दोन्हीकडे आहे, म्हणून ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे जातं. इंग्रजीत दोन्ही भाग सारखे नसतात. अटीच्या भागात ‘हॅड टोल्ड’ आणि परिणामाच्या भागात ‘वुड हॅव चेंज्ड’. अमेरिकेत बोलताना काही जण अटीतही ‘वुड हॅव’ म्हणतात, पण लेखी इंग्रजीत ती चूकच धरतात. शिकणाऱ्याने ती सवय लावून घेऊ नये.

मराठीचं हे ‘असतं’ आणखी एक गोष्ट पोटात घेतं. ‘मला वेळ असता तर आलो असतो.’ हे आजच्या कार्यक्रमाबद्दल आहे की कालच्या, हे नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. मागच्या-पुढच्या बोलण्यातून कळतं. इंग्रजीत आधी ते ठरवावं लागतं. आत्ताबद्दल असेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. कालबद्दल असेल तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. हा ‘हॅड हॅड’ पाहून लोक बिचकतात आणि एक ‘हॅड’ गाळतात. बोलताना तो आखडून ‘आयड हॅड’ होतो, त्यामुळे तोंडाला अजिबात जड जात नाही. दोन काळ एकाच वाक्यातही येऊ शकतात. सोमवारी मंजुरी आली असती तर आत्ता अर्धं काम झालेलं असतं: ‘इफ द अप्रूव्हल हॅड कम ऑन मंडे, वीड बी हाफवे थ्रू बाय नाऊ.’ अट कालची, परिणाम आजचा. मात्र ग्राहकाला हे वाक्य टोमण्यासारखं लागू शकतं, तेव्हा ते आपापसांतच बोललेलं बरं.

उच्चारांकडे वळलो तेव्हा ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. ती ‘वुड’ आणि ‘हॅव’ दोन्ही ठळक, वेगवेगळे उच्चारत होती. अशाने वाक्य खटल्यातल्या उलटतपासणीसारखं ऐकू येतं. रोजच्या बोलण्यात ‘वुड हॅव’चं ‘वुडव्ह’ होतं, घाईत ‘वुडा’, आणि नकारात ‘वुडंटव्ह’. जोर पडतो तो शेवटच्या क्रियापदावर: ‘वी वुडव्ह चेंज्ड इट.’ मी सगळ्यांना टेबलावर बोटाने ठेका धरायला लावला, एक ठोका ‘चेंज्ड’वर आणि ‘वुडव्ह’ ठोक्याच्या आधी घाईने उरकायचं. पाच-सहा वेळा म्हटल्यावर बसलं.

ऐकताना अडचण उलटी होते. ‘यूड’ म्हणजे ‘यू हॅड’ की ‘यू वुड’? पुढचं रूप पाहायचं. ‘टोल्ड’, ‘गॉन’, ‘सीन’ अशी रूपं असतील तर ‘हॅड’. ‘टेल’, ‘गो’, ‘सी’ असतील तर ‘वुड’. त्यातही ‘यूड टोल्ड’मधला ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये जवळजवळ विरून जातो आणि कानाला ‘इफ यू टोल्ड’ ऐकू येतं. तेव्हा अटीच्या भागाशी झगडत बसू नये, परिणामाचा भाग पकडावा. तिथे ‘वुडव्ह’ आलं की गोष्ट होऊन गेलेली आहे आणि नुसतं ‘वुड’ आलं तर ती बहुधा आत्ताची किंवा पुढची. मला तरी ही सगळ्यात उपयोगी युक्ती वाटते, कारण फोनवर शब्द गिळले जातातच.

मग बाकीच्यांच्या वाक्यांचा पूर आला. एकाने विचारलं, ‘तुम्ही येणार असाल तर मी थांबतो’ याला ‘इफ यू विल कम, आय विल वेट’ चालेल का? नाही. ‘येणार असाल’मध्ये आधीच ठरलेला बेत आहे, त्यासाठी ‘इफ यू आर कमिंग, आयल वेट’. ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही असं मात्र नाही. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’मध्ये ते ‘थोडं थांबाल का’ या अर्थाचं, सौजन्याचं आहे. आणि ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’मध्ये अटच नाही. तिथला ‘इफ’ म्हणजे ‘येईल की नाही’मधला ‘की’, म्हणून ‘विल’ अगदी बरोबर.

दुसऱ्याचं वाक्य होतं, ‘वी कान्ट स्टार्ट अंटिल वी डोन्ट गेट द अप्रूव्हल.’ हे इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचं मूळ सांगायलाच हवं. ‘जोपर्यंत मंजुरी मिळत नाही तोपर्यंत’ यातला ‘नाही’ इंग्रजीत नेला जातो. पण ‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ यांना वेगळा नकार लागत नाही. त्यांच्यापुढे सरळ ‘वी गेट’. दोन्हींत फरक एवढाच की ‘अंटिल’ म्हटलं तर मंजुरी येणार हे धरलेलं आहे, प्रश्न फक्त कधीचा. ‘अनलेस’ म्हटलं तर ती न येण्याचीही शक्यता मोकळी आहे. ग्राहकाशी बोलताना या कामासाठी ‘अंटिल’ बरा. अनलेसमध्ये थोडी धमकीची छटा येऊ शकते.

तसंच ‘आली तर’ आणि ‘आली की’. हा फरक मराठीत आपण कधी चुकत नाही, पण इंग्रजीत दोन्हीकडे ‘इफ’ ठोकून देतो. येणारच असेल तर ‘व्हेन’: ‘व्हेन द अप्रूव्हल कम्स, आयल कॉल यू.’ पुढे घडणार असूनही ‘व्हेन’नंतर ‘विल’ नाही, इथेही साधा वर्तमानकाळ. ‘तर’चं ‘देन’ करून ते प्रत्येक वाक्यात घालायचीही गरज नाही. चूक नाही, पण सारखं आलं की भाषण वाचून दाखवल्यासारखं वाटतं. मराठीत अट बहुधा आधी येते. इंग्रजी संभाषणात ती पुष्कळदा मागून येते: ‘आयल कॉल यू इफ एनीथिंग चेंजेस.’ आधी काय करणार ते सांगून मग अट घातली की ऐकणाऱ्याला वाट पाहावी लागत नाही.

शेवटची वीस मिनिटं सरावाला ठेवली होती. प्रत्येकाने आपल्या कामातली एकच अट घ्यायची आणि ती उघड्या, लोटलेल्या आणि बंद दारासाठी तीन तऱ्हांनी फोनवर रेकॉर्ड करायची. मग शेजाऱ्याने ऐकून मराठीत सांगायचं, बोलणाऱ्याला ते होईल असं वाटतं की नाही. इंग्रजी वाक्य बरोबर आहे का हे विचारायचं नाही. शेजाऱ्याच्या मराठीत वेगळा अर्थ आला तर रूप चुकलं, मग व्याकरण कितीही शुद्ध असो. पहिल्या फेरीत सहापैकी चौघांचं दुसरं आणि पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला एकाच अर्थाचं वाटलं, कारण त्यांनी ‘इफ’च्या भागात ‘गॉट’ घेतलं पण पुढे ‘विल’ ठेवलं. तिसऱ्या फेरीपर्यंत ती भेसळ गेली.

तास संपायच्या आत तिने ग्राहकाला पुन्हा फोन लावायचं ठरवलं. आधी कागदावर लिहून घेतलं आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. फोनवर तिने दोनच वाक्यं सांगितली: ‘इट वुड हेल्प अस इफ यू सेंट द अप्रूव्हल बाय नून. इफ वी गेट इट टुडे, वील स्टार्ट टुमॉरो मॉर्निंग.’ पहिल्यात अंतर ठेवलेली विनंती, दुसऱ्यात अंतर न ठेवलेलं वचन. पलीकडून लगेच प्रश्न आला, ‘टुमॉरो मॉर्निंग, व्हॉट टाइम?’