कोलोनोस्कोपी पटकन झाली, काउंटरनेच जीव काढला

कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. त्या तपासणीचं फार सांगण्यासारखं नाही. सुईतून गुंगीचं औषध दिलं, जाग आली तेव्हा सगळं उरकलं होतं. कसरत असते ती आदल्या रात्रीपासून पोट साफ करण्याची. पीईजीची, म्हणजे जुलाबाच्या औषधाची, पावडर दोन लिटर पाण्यात, निम्मी रात्री, निम्मी पहाटे. चव खारट-गुळमट, नकोशी. फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्या, मधेमधे लिंबाची फोड चोखा. शेवटी पिवळसर नितळ पाणी पडायला लागलं की आतडं साफ झालं. व्हॅसलिन हाताशी ठेवा, का ते कळेलच.

ठाण्यात नौपाड्याहून घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलला वेळेआधी पोचलो, तर फाईल अडकलेली. "काकू, टीपीएचं अप्रूव्हल नाही आलं." टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था. कॅशलेसचे, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट भरावं म्हणून लागणारे, कागद आम्ही आधीच देऊन ठेवले होते, हॉस्पिटलने पाठवले त्या सकाळी! कंपनीने उलट विचारलं, नुसती तपासणी की उपचार? त्या उत्तरावर डॉक्टरांची सही हवी, डॉक्टर राउंडला. मे २०२४ च्या परिपत्रकात आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायला सांगितलंय. ते मोबाईलवर दाखवलं, तर म्हणे, "सिस्टीममध्ये पेंडिंग दाखवतंय." पण हॉस्पिटलचं उत्तरच गेलं नव्हतं, कंपनी तरी काय करणार? पोटात अन्नाचा कण नाही, पाणीसुद्धा बंद, आणि टॉयलेट नेमकं काउंटरच्या पलीकडे. दरवेळी त्याच लोकांसमोरून लगबगीने जायचं. शेजारच्या शुगरवाल्या आजोबांचे हात थरथरायला लागले, तेव्हा कुठे सिस्टर सलाईन घेऊन धावली. अखेर मुलाने कार्ड स्वाइप केलं. लगेच, "चला काकू, गाऊन घाला." म्हणजे पैसे दिले की सिस्टीम चालते!

शुगर असेल तर सकाळची पहिलीच वेळ मागा. इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या आणि लोहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवंच. हां, आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, बियांची फळं बंद. मी दहीभातावर काढले.

निव्वळ तपासणीसाठी भरती झालात तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, हे एजंट सांगत नाही. तपासणी का हवी ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझा छोटा पॉलिप, म्हणजे आतड्यातली गाठ, तिथेच काढला, मग तो उपचारच झाला ना? बायोप्सीचा रिपोर्ट जोडून रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवायला, फाईल टाकलीय. आता नाही म्हणून दाखवा म्हणावं.