वेलांटी कोणाची?

पहिलीच्या वर्गाला वाचन शिकवताना दर वर्षी भेटणाऱ्या चुकांची मला सवय झाली होती. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, कारण त्यांतला फरक लहानशा गाठीवर आणि शिरोरेघेतल्या खंडावर अवलंबून असतो; 'ख' हे एकच अक्षर 'र' आणि 'व' असे सुटे वाचले जाते. हे सगळे सरावाने जाते. त्यामुळे वर्गातली एक मुलगी वाचताना सतत अडखळू लागली, तेव्हा तिचेही तसेच असेल असे धरून मी तिला अधिक सराव देत राहिले. तिची चूक निराळी आहे, हे कळायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

त्या दिवशी तिने फळ्यावरचा 'शनिवार' हा शब्द 'शीनवार' असा वाचला. मुले हसली. मी नेहमीप्रमाणे "नीट बघून वाच" म्हटले, तेव्हा ती रडवेली झाली, पण मागे हटली नाही. "बाई, नीटच बघितलं. तसंच लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवले, एकेक शब्द लिहून दाखवला आणि ती जे वाचेल ते न सुधारता जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. 'कविता' तिने 'कीवता' वाचले, 'गणित' 'गीणत' आणि 'रविवार' 'रीववार'. 'हिरवा' मात्र 'हरवा' झाले आणि 'खिडकी'चे 'खडकी'. 'नदी', 'पाणी', 'वही' हे शब्द तिने क्षणभरही न थांबता बरोबर वाचले.

ती यादी समोर ठेवल्यावर सारे स्पष्ट झाले. ती निष्काळजीपणे वाचत नव्हती. ती एक नियम अगदी काटेकोरपणे पाळत होती. उभी रेघ दिसली की ती आधीच्या अक्षराची, आणि आधी अक्षरच नसेल तर ती रेघ कोणाचीच नाही, म्हणून सोडून द्यायची. हा नियम तिला आम्हीच दिला होता. काना अक्षराच्या नंतर येतो, दुसरी वेलांटीही नंतर येते. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार 'आणि'सारखे मोजके अपवाद वगळता दीर्घच लिहितात, त्यामुळे आम्ही सुरुवातीला देतो त्या सोप्या दोन अक्षरी शब्दांत बहुधा दुसरीच वेलांटी असते. पहिली वेलांटी एकटीच अशी आहे की जी उच्चारात अक्षराच्या मागून येते आणि कागदावर त्याच्या आधी उभी राहते. बाराखडी म्हणताना हे जाणवत नाही, कारण तिथे 'कि'च्या डावीकडे दुसरे अक्षर चिकटलेले नसते. 'आणि' हा शब्द मात्र ती बरोबर वाचत असे. तो तिच्या नजरेत अख्खाच बसलेला असावा.

मग मी नियम सांगण्याऐवजी तिला वेलांटीची कमान दाखवली. काठी डावीकडे असो वा उजवीकडे, वरची कमान ज्या अक्षरावर झुकते, वेलांटी त्याची. पारदर्शक कागदाच्या पट्टीवर मी जाड शाईने पहिली वेलांटी काढली आणि अक्षरांच्या पत्त्यांतून 'क', 'व' आणि काना दिलेला 'ता' ओळीने मांडले. तिने पट्टी 'क' आणि 'व' यांच्या मध्ये ठेवली, कमान 'व'वर पडलेली पाहिली, पट्टी उचलून पुन्हा ठेवली, आणि ओठांतल्या ओठांत आधी 'व', मग 'वि' असे म्हटले. त्यानंतर 'कविता' हा शब्द तिने मोठ्याने वाचला. 'हिरवा' वाचताना तर तिने बोट कमानीवरून फिरवून थेट 'ह'वर टेकवले.

मात्र पाठ्यपुस्तक उघडल्यावर ती पुन्हा अडली, आणि या वेळी कारण तिनेच मला दाखवले. "बाई, हिची कमान पोचतच नाही," ती म्हणाली. मी वाकून पाहिले. हाताने लिहिताना आपण कमान अक्षराच्या दंडापर्यंत ओढतो, पण त्या छपाईत ती इतकी आखूड होती की काठीच्या डोक्यावर नुसता आकडा दिसत होता आणि काठी दोन अक्षरांच्या मध्ये बेवारशी उभी होती. इतकी वर्षे ते पान शिकवूनही माझ्या हे कधी लक्षात आले नव्हते.

पुस्तकात रेघोट्या मारायच्या नाहीत, असा आमच्या वर्गाचा दंडक आहे. तो मी त्या दिवशी बाजूला ठेवला आणि तिच्या हातात टोक केलेली पेन्सिल दिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती त्या पानावरची प्रत्येक पहिली वेलांटी शोधून, तिची कमान पुढच्या अक्षरावरून ओढत बसली होती, आणि कमान पुरी झाली की तो शब्द वाचत होती.